थर्ड बेसच्या खालची शाळा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. परवा मावसबहिणीचा पुण्याहून फोन आला, "ब्लॉग बंद केलास की काय?" तेव्हा जरा ओशाळलो. बंद नाही केला. एक गोष्ट लिहायची होती आणि ती लिहायला बसलं की दुसरंच काहीतरी सुचायचं. आज मात्र ठरवून बसलोय. चहाचा कपही बाजूला ठेवलाय.

तर 2024 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे कॅलिफोर्नियात होतो. सहा महिने मुक्काम. तिकडे गेलेल्या प्रत्येक आईबापाला ठाऊक असतं की पहिला महिना कौतुकात जातो आणि दुसऱ्या महिन्यापासून माणूस खिडकीतून गाड्या मोजायला लागतो. माझी तशी अवस्था झालेली पाहून जावई म्हणाला, "बाबा, चला, तुम्हाला बेसबॉल दाखवतो." मी शाळेत खो-खो शिकवला, कबड्डीचा पंच झालो, पण बेसबॉलची आणि माझी ओळख इंग्रजी सिनेमापुरतीच. तरी गेलो. जागा होती लॉस एंजलिसचं डॉजर स्टेडियम. 56 हजार माणसं बसतात तिथे, आणि स्टेडियमच्या भोवती टेकडीच्या उतारावर डांबराचे टप्पे पाडलेले, त्यावर गाड्याच गाड्या. आमच्या तालुक्यातल्या सगळ्या मोटारी आणून लावल्या तरी एक कोपरा भरायचा नाही.

सामन्याबद्दल मी काही सांगणार नाही, कारण मला तो कळला नाही. ओहतानी नावाच्या जपानी खेळाडूला बघायला लोक लोटले होते एवढं समजलं. नातू शेजारी बसून समजावत होता. चार कोपऱ्यांवर चार ठिकाणं, फलंदाजाने त्यांना वळसा घालून परत मूळ जागी यायचं. पहिल्या तीन कोपऱ्यांवर पांढऱ्या गाद्या टाकलेल्या असतात, त्यांना बेस म्हणायचं. डाव्या हाताचा तो थर्ड बेस. मी मान डोलावत होतो.

सामना संपल्यावर आपली गाडी शोधत चाललो होतो. माणसांपेक्षा गाड्या जास्त. तेव्हा जावई सहज बोलून गेला, "बाबा, तुम्हाला गंमत सांगू? या डांबराच्या खाली एक शाळा आहे."

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. पालो व्हेर्दे नावाची प्राथमिक शाळा होती तिथे. असं सांगतात की ती पाडायचीसुद्धा तसदी घेतली नाही. नुसतं छप्पर उतरवलं, आत माती भरली आणि वरून जमीन सारखी केली. थर्ड बेसच्या वायव्येला, गाड्या लावायच्या जागेखाली ती आहे म्हणतात. अडतीस वर्षं ज्याने शाळेत काढली त्याला हे ऐकून काय वाटेल? मी पायाखाली बघितलं. डांबर होतं, त्यावर शेंगांची टरफलं होती.

परतीच्या वाटेवर जावयाने गाडीत गाणी लावली. "हे ऐका, या जागेचीच गोष्ट आहे." अल्बमचं नाव 'चावेझ रव्हीन', करणारा राय कूडर.

हे नाव ऐकल्यासारखं वाटलं आणि मग आठवलं. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, 1994 साली पंडित विश्वमोहन भट्टांना ग्रॅमी पारितोषिक मिळालं होतं. 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या ध्वनिफितीबद्दल. आपल्या पेपरांत पंडितजींचा मोहनवीणेसह फोटो आला होता आणि आम्हाला शाळेत कोण आनंद झाला होता. त्यांच्याबरोबर गिटार वाजवणारा दुसरा एक माणूस होता, त्याचं नाव आम्ही कुणी लक्षात ठेवलं नाही. तोच हा राय कूडर. 1947 चा जन्म, म्हणजे माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा. जन्म लॉस एंजलिसचा, वाढला शेजारच्या सांता मोनिकात. काचेची नळी बोटात घालून तारांवर सरकवायची आणि सूर खेचायचा, ही त्याची खासियत. आपल्याकडची मींड म्हणा. आयुष्यभर हा माणूस जुनी, मागे पडलेली गाणी हुडकत फिरला. क्युबात जाऊन, निवृत्त होऊन बसलेल्या म्हाताऱ्या गवयांना गोळा केलं आणि 1997 साली 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' आणला, तो जगभर गाजला. 'चावेझ रव्हीन' मात्र त्याने स्वतःच्या गावावर केला. 2005 साली तो बाहेर आला, तेव्हा कूडर 58 वर्षांचा होता. तीनेक वर्षं त्याच्यामागे होता म्हणतात.

आता गोष्ट सांगतो. ती कळल्याशिवाय गाणी कळत नाहीत.

रव्हीन म्हणजे घळ. लॉस एंजलिस शहराच्या अगदी कुशीत, टेकड्यांच्या बेचक्यात तीन वाड्या होत्या. पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप. वस्ती मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांची, हजाराच्या वर कुटुंबं. शहरात इतरत्र त्यांना घरं मिळू द्यायचे नाहीत, म्हणून इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. कच्चे रस्ते, कोंबड्या, शेळ्या, परसात भाजीपाला, एक चर्च, एक शाळा. 1948 साली डॉन नॉर्मार्क नावाचा विशीच्या उंबरठ्यावरचा पोरगा शहराचा चांगला देखावा टिपायला कॅमेरा घेऊन टेकडीवर चढला आणि त्याला खाली हे गाव दिसलं. त्याला वाटलं, गरिबाचं शांग्रीला सापडलं! वर्षभर येऊन त्याने फोटो काढले. त्या फोटोंचं पुस्तक निघायला 1999 साल उजाडलं. कूडरच्या अल्बममधल्या पहिल्या गाण्याचं नाव 'पुअर मॅन्स शांग्रीला', ते नॉर्मार्कच्याच शब्दांवरून.

1949 साली अमेरिकी सरकारने गरिबांसाठी घरं बांधायचा कायदा केला. लॉस एंजलिसने त्यासाठी ही घळ निवडली. रिचर्ड न्यूट्रासारखा नामांकित वास्तुविशारद योजनेवर होता. तेरा मजल्यांच्या चोवीस इमारती आणि शेदीडशे बैठी दुमजली घरं. जुलै 1950 मध्ये लोकांना पत्रं गेली. तुमची घरं सरकार घेणार, मोबदला देणार, आणि नव्या घरांवर पहिला हक्क तुमचाच. गृहनिर्माण खात्याचा फ्रँक विल्किन्सन नावाचा तरुण अधिकारी दारोदार हिंडून हेच सांगत होता. तो खोटं बोलत नव्हता हे लक्षात घ्या. त्याचा त्या योजनेवर जीव होता. झोपडपट्ट्या जाव्यात, काळ्या-गोऱ्यांनी एकत्र राहावं असं मनापासून वाटणारा माणूस होता तो.

बरेच लोक उठून गेले. आणि मग 1952 साली एका सुनावणीत विल्किन्सनला विचारलं गेलं, तू कुठल्या कुठल्या संघटनांचा सभासद आहेस? काळ असा होता की शेजाऱ्यालाही कम्युनिस्ट म्हणून बघायचे. त्याने उत्तर द्यायला नकार दिला. नोकरी गेली. (पुढे अशाच प्रश्नाला उत्तर न दिल्याबद्दल 1961 साली तुरुंगातही गेला.) 1953 मध्ये नॉरिस पोलसन नावाचा महापौर निवडून आला, तो मुळातच या घरांच्या विरुद्ध. योजना बारगळली. घरं रिकामी, गाव अर्धं ओसाड, आणि बांधायचं काहीच नाही! जमीन शहराकडे आली, ती सार्वजनिक कामासाठी वापरायच्या अटीवर. आणि मग न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला डॉजर्स नावाचा बेसबॉल संघ जागा शोधत होता, त्याला ती द्यायचं ठरलं. 1958 साली त्यावर मतदान झालं, थोडक्या मतांनी ठराव मंजूर झाला.

थोडी कुटुंबं तरीही हलली नव्हती. 8 मे 1959 रोजी पोलीस आले. ऑरोरा व्हार्गास नावाच्या बाईला चौघांनी हातापायांना धरून पायऱ्यांवरून खाली आणलं, तो फोटो प्रसिद्ध आहे. मागोमाग बुलडोझर. त्यांचं कुटुंब तिथेच तंबू ठोकून राहिलं. मग पेपरांनी शोधून काढलं की त्यांची शहरात आणखी घरं आहेत, आणि लोकांची सहानुभूती आटली. जणू दुसरं घर असलं की पहिलं घर, घर राहत नाही! 10 एप्रिल 1962 ला स्टेडियमचं उद्घाटन झालं.

अशा गोष्टीवर गाणी करायची म्हटली तर आपण काय करू? एक रडगाणं, एक संतापाचं गाणं, शेवटी एक आशावादी समूहगीत. कूडरने तसं केलेलं नाही. पंधरा गाण्यांत त्याने गावाला बोलू दिलंय. कुणी मुष्टियोद्ध्यांचा पोवाडा गातंय (कोरीदो म्हणतात त्याला, आपल्या पोवाड्याच्या जवळचाच प्रकार), कुणी रस्त्यावर पोरांची धरपकड झाली त्याची कहाणी सांगतंय. ढगळ पँटी घालून मिरवणाऱ्या पोरांची मजा आहे. चिनी धोब्याला चिडवणारं एक जुनं गाणंही आहे, म्हणजे गावाची कोती बाजूही झाकलेली नाही. एका गाण्यात चक्क परग्रहावरून उडती तबकडी येते. पहिल्यांदा ऐकताना मला ते पोरकट वाटलं. अजूनही थोडं वाटतंच. तासाभराहून मोठा अल्बम आहे, अर्धा स्पॅनिशमध्ये, आणि मधे मधे माझं लक्ष उडालं हे कबूल करतो. माझं इंग्रजी मराठी माध्यमाच्या बी.ए.चं. जावयाने आणि नातवाने थांबून थांबून अर्थ सांगितला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

पण गाणारी माणसं बघा. लालो गेरेरो नावाचा गायक, चिकानो म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन संगीताचा जनक मानतात त्याला, जन्म 1916 चा. 1949 साली त्याने स्वतः गाजवलेलं 'लोस चुकोस सुआवेस' त्याने इथे पुन्हा गायलंय, पन्नास-पंचावन्न वर्षांनी. 'बारिओ व्हिएहो' म्हणजे जुनी वाडी, हे त्याचंच गाणं, त्याच्या जन्मगावच्या, टूसॉनच्या उद्ध्वस्त वस्तीबद्दल. आवाज थकलेला आहे. पण थकलेला आवाजच त्या गाण्याला पाहिजे होता. मार्च 2005 मध्ये तो गेला, अल्बम बाहेर आला जूनमध्ये. 'पाचुको बूगी'वाला डॉन टोस्टी त्याच्याही आधी, 2004 साली गेला. म्हणजे अगदी दिवस मावळता मावळता कूडरने ही माणसं गाठली. आणि एवढा मोठा गिटारवादक, पण त्यांच्या गाण्यांत त्याची गिटार शोधावी लागते. कुठे तरी मागे, सारवलेल्या अंगणासारखी. एका गोऱ्या माणसाने यांची गोष्ट का सांगावी, असं कुणी विचारू शकेल. मीही मनात विचारलं. मला वाटतं त्याचं उत्तर त्या मागे राहणाऱ्या गिटारीत आहे.

आता ज्या गाण्यापाशी मी अडलो, त्याकडे येतो.

'इट्स जस्ट वर्क फॉर मी'. हे बुलडोझर चालवणाऱ्याचं गाणं. कूडरने स्वतः गायलंय. तो माणूस वाईट नाही. त्याला कुणाचा राग नाही. त्याला माती ढकलायचं काम मिळालंय, त्याचे पैसे मिळतात, घरी बायकोमुलं असतील. कुणाचं घर आहे हे बघणं त्याच्या कामात बसत नाही. गाणं संथ आहे, आवाज चढत नाही. जावई अर्थ सांगत होता आणि मी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होतो.

ही गोष्ट मी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही.

1974 साली मी चोवीस वर्षांचा होतो. माझी पहिली नेमणूक नदीकाठच्या एका गावात होती, आणि ते गाव होऊ घातलेल्या एका धरणाच्या बुडीत क्षेत्रात होतं. (धरणाचं नाव लिहीत नाही, त्याला कारण आहे. आणि नातेवाइकांनो, तुम्हाला माहीत असलं तरी तुम्हीही लिहू नका.) मास्तरला सरकार कुठल्याही कामाला जुंपतं हे तुम्हाला सांगायला नको. खानेसुमारी असो, निवडणूक असो, कोंबड्या मोजणं असो. तसंच घरांची यादी करायला तलाठ्याबरोबर मला दिलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून फॉर्म मी भरायचे. खातेदाराचं नाव, घर किती खणांचं, भिंती मातीच्या की दगडाच्या, वर कौलं की धाबं, गोठा, विहीर, फळझाडं किती. शेवटचा रकाना 'इतर'.

मी नाखुशीने केलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. बहात्तरचा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिला होता. खडी फोडणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. धरण झालं की दुष्काळ जाणार, असं मी वर्गात मुलांना सांगत होतो आणि दारोदार त्यांच्या आईबापांनाही. "नव्या गावठाणात नळ येईल. पक्की शाळा होईल. दिवे येतील." कुणी मला सांगा म्हटलं नव्हतं. मी आपणहून सांगत होतो. गावाचा माझ्यावर विश्वास होता. तलाठ्याने सांगितलं असतं तर चार प्रश्न विचारले असते. गुरुजींनी सांगितलं म्हणून अंगठे उठले.

एका घरी एक म्हातारी होती. एकटी नव्हे, मुलगा, सून, नातवंडं होती, पण बोलणार तीच. फॉर्म भरून होत आला तेव्हा म्हणाली, "गुरुजी, समदं लिवलं का?" मी म्हटलं, "हो आजी." तिने जमिनीत पुरलेलं जातं दाखवलं. "ह्ये बी लिवा." मी समजावलं की जातं उपटून नेता येतं, त्याची भरपाई नसते. तर म्हणाली, "जातं न्येता यील वो. पर मी ज्या ओव्या म्हनते त्यात समदी ही गावं हायेत. पल्याडचं म्हाळसाईचं देऊळ हाय. नदीचा उतार हाय. तकडं जाऊन म्या काय म्हनू?" तलाठी हसला. मीही हसलो. आणि 'इतर' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, निरंक.

निरंक. सरकारी भाषेतला हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. कसा घोटीव, संस्कृत!

विल्किन्सनवरही अल्बममध्ये गाणं आहे, 'डोंट कॉल मी रेड'. त्याच्यावर अन्याय झाला, खरं आहे. पण मी जावयाला पुन्हा पुन्हा विचारत होतो तो प्रश्न वेगळा होता. त्या लोकांना तो नंतर कधी भेटला का? भेटला. म्हातारपणी त्याने या सगळ्याची जबाबदारी स्वतःवर घेतली, त्या गावकऱ्यांसमोर माफी मागितली. या गावावर एक माहितीपट निघाला, त्यात तो दिसतो. (तो माहितीपट जॉर्डन मेक्नरने केलाय आणि त्याला संगीत राय कूडरचंच. हा मेक्नर म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा कॉम्प्युटरवरचा खेळ बनवणारा! जावयाने कॉलेजात अभ्यास सोडून तोच खेळ खेळला, असं लेक सांगते.) विल्किन्सन जानेवारी 2006 मध्ये वारला. त्या गावची माणसं स्वतःला 'लोस देस्तेरादोस' म्हणवतात, म्हणजे उखडलेले, आणि दरवर्षी शेजारच्या बागेत एकत्र जमून जेवतात.

आमचं धरण झालं. पाणी आलं. खालच्या बाजूला ऊस उभा राहिला, हेही खरं आणि मी ते नाकारणार नाही. दुष्काळ तिथून गेला. फक्त ज्यांची घरं गेली त्यांच्याकडे तो नव्याने आला. नव्या गावठाणात नळ यायला नऊ वर्षं लागली. पण शाळा मात्र लवकर झाली, कारण जुन्या शाळेची कौलं आम्ही नेली. मुलांची रांग लावली होती, एकाने दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. खेळच वाटला त्यांना. दुपारपर्यंत शाळेवरचं छप्पर उतरलं. भिंती तशाच सोडल्या, पुढे पाण्याने त्यांत गाळ भरला. म्हणून त्या रात्री त्या डांबरावर मी पायाखाली बघितलं.

म्हातारीच्या ओव्यांचं काय झालं? नव्या गावात पिठाची गिरणी आली. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा करून ठेवल्यात, केवढं मोठं काम! इथे परत आल्यावर मी इंटरनेटवर त्या बऱ्याच ऐकल्या. आमच्या गावच्या मला सापडल्या नाहीत.

अल्बमच्या शेवटाकडे एक गाणं आहे, 'थर्ड बेस, डॉजर स्टेडियम'. ब्ला पाहिनुई नावाच्या हवाई बेटांवरच्या गायकाने गायलंय, फार मऊ आवाज. स्टेडियमवर गाड्या लावून देणारा एक माणूस आहे. त्याचं बालपण त्याच जागी गेलंय. येणाऱ्या लोकांना तो सामना दिसतो, याला मैदानावर आपली वाडी दिसते. इथे अमक्याचं घर, तिथे तमकी भेटली होती, आणि थर्ड बेस आहे ना, तिथे आमचं घर. तक्रार करत नाही, नुसता पत्ता सांगतो. 2018 साली हा गायकही गेला.

लेक स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी जेव्हा 'निरंक'ची गोष्ट सांगितली तेव्हा बाहेर आली. "बाबा, त्या गावच्या इतक्या गोष्टी सांगितल्यात तुम्ही आम्हाला. हीच का नाही सांगितली?" मला उत्तर देता आलं नाही. हिने विषय बदलला, त्यात ती वाकबगार आहे.

परत आल्यावर मी चौकटीची वही घेतली आणि गावाचा नकाशा काढायला बसलो. नदी, उतार, मारुतीचं देऊळ, पार, शाळा. घरं आठवत गेली तशी मांडत गेलो. यादी मीच केलेली, तेव्हा आठवायला हवं होतं सगळं. एकोणतीस घरांवर अडलो. मग एका जुन्या विद्यार्थ्याचा नंबर मिळवला. तो आता साठीच्या पुढे आहे, तालुक्याला दुकान आहे त्याचं. तो नातू आहे, त्या म्हातारीचाच. फोनवर त्याने भराभर माझ्या चुका काढल्या. "गुरुजी, आमचं घर देवळाच्या डाव्या हाताला. उजव्या न्हाई." मी खोडरबराने खोडून दुरुस्त केलं. आता चाळीस झालीत. अकरा राहिलीत, त्यासाठी तो आणखी कुणाकुणाला विचारून सांगणार आहे. त्याच्या बहिणीला आजीच्या दोन-तीन ओव्या अर्ध्यामुर्ध्या येतात म्हणे. पुढच्या महिन्यात जाऊन मोबाईलवर घेऊन येईन म्हणतो, गुडघ्यांनी साथ दिली तर.

शेवटी धीर करून मी त्याला विचारलं, मी फॉर्म भरायला तुमच्या घरी आलो होतो ते आठवतं का?

"आठवतं की," तो म्हणाला. "आजीनं तुमास्नी ताक दिलं हुतं. तुमी दोनदा मागून घेतलं."

मला ताक मुळीच आठवत नाही.